वाळू चाळणारे गोबी आणि घरातला रीफ टँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या माशांबद्दल येणारे प्रश्न बहुतेक दोन वेळी येतात. मासा आणण्याआधी लोक विचारतात, ‘हा वाळू पांढरीशुभ्र ठेवतो ना?’ आणल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्याच लोकांचा प्रश्न येतो, ‘दिवसभर वाळू चघळतो, तरी असा वाळत का चाललाय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं असतं तर दुसरा विचारावाच लागला नसता. म्हणून इथे खाण्यापिण्याबद्दल बरंच लिहिलंय, बाकीचं जेवढ्यास तेवढं. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाळू चाळणारा गोबी म्हणजे नक्की कोणता मासा?

गोबींचं कूळ फार मोठं आहे, जवळपास दोन हजार जातींचं. त्यातल्या बहुतेक जाती वाळू चाळत नाहीत. रीफ टँकच्या (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या) बोलण्यात हे नाव येतं तेव्हा सहसा व्हॅलेन्सिएनिया या प्रजातीतले मासे अभिप्रेत असतात. पीटर ब्लीकर या डच मत्स्यशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सिएन यांच्या नावावरून हे नाव ठेवलं. हे मासे हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण भागांत, प्रवाळाच्या आसपासच्या वाळूवर राहतात. यांना ‘स्लीपर गोबी’ असंही म्हणतात. बहुतेक गोबींच्या पोटाखालचे दोन पर जुळून एक वाटी तयार होते. यांचे ते पर सुटे असतात, म्हणून पूर्वी यांची गणना स्लीपर माशांबरोबर व्हायची.

पिस्तूल कोळंबीबरोबर एका बिळात राहणारे गोबी (वॉचमन, यशा वगैरे) वेगळे. तेही कधीमधी तोंडात वाळू घेतात, पण त्यांचं पोट त्यावर चालत नाही. या पानावरचं बहुतेक काही त्यांना लागू पडत नाही.

२. हा वाळू खातो का? कल्ल्यांतून वाळू गळताना दिसते, ते आजाराचं लक्षण आहे का?

आजार नाही, ते त्याचं जेवण चाललेलं असतं. मासा तोंडभर वाळू उचलतो आणि घशाशी घोळवतो. कल्ल्यांच्या कमानींवर बारीक काट्यांची रांग असते, ती चाळणीसारखं काम करते. वाळूतले कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव), बारीक कृमी, फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव), छोटे शंख-शिंपले मागे अडकतात आणि स्वच्छ वाळू कल्ल्यांखालून धुरळ्यासारखी बाहेर पडते. वाळू पोटात जात नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. वाळू स्वच्छ होते ती त्याच्या अन्नशोधातून. तो जितकी वाळू उलटीपालटी करतो, तितके त्यातले जीव संपत जातात.

३. यातली कोणती जात घ्यावी?

सगळ्यात जास्त दिसतो तो डायमंड गोबी, व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. पांढुरक्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. समुद्रात तो २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, टँकमध्ये सहसा त्याहून लहान राहतो. तयार अन्न स्वीकारण्यात मला हा सगळ्यांत समजूतदार वाटतो. पहिल्यांदाच ठेवणार असाल तर हाच घ्या.

पिवळ्या डोक्याचा आणि डोळ्याखाली निळी रेघ असलेला तो स्ट्रिगाटा. दिसायला फार देखणा, सुमारे १८ सेंटीमीटरचा. पण तो वाळू तोंडात धरून वर पोहतो आणि तिथून सोडतो, त्यामुळे कोरलवर वाळूचा पाऊस पडतो (प्रश्न ११). समुद्रात तो बहुतेक जोडीने दिसतो, एकटा ठेवला की बुजरा होतो.

सेक्सगुट्टाटाच्या गालावर फिकट निळे ठिपके असतात. १४ सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून थोड्या लहान टँकला बरा. अंगावर दोन लांब पट्टे आणि पाठीच्या परावर काळा डोळा असलेला हेल्सडिंगेनी यांच्यात मोठा होतो. त्याला तशीच मोठी जागा लागते.

ॲम्ब्लिगोबियस फॅलेना हा पट्टेवाला गोबी दुसऱ्या प्रजातीतला. वाळू चाळतोच, शिवाय तंतूसारखं शेवाळही खातो, त्यामुळे त्याची उपासमार होण्याचा धोका जरा कमी. कोर्ट जेस्टर म्हणजे कौमनसेटा रेनफोर्डी पूर्वी याच प्रजातीत गणला जायचा. तो जेमतेम ८ सेंटीमीटरचा, शेवाळ टोचून खाणारा. जुन्या, शेवाळ आलेल्या टँकमध्ये तो छान जगतो. नव्या, चकचकीत टँकमध्ये नाही.

एका जातीबद्दल स्पष्टच सांगतो. सिग्निगोबियस बायोसेलेटस, पाठीच्या दोन परांवर दोन डोळ्यांसारखे ठिपके असलेला आणि खेकड्यासारखा आडवा सरकणारा मासा, पाहताक्षणी भुरळ घालतो. तो कृपा करून आणू नका. तयार अन्नावर तो क्वचित टिकतो, जोडीतला एक गेला की दुसराही बहुधा मागोमाग जातो. ज्यांच्याकडे जिवंत अन्नाची रोजची व्यवस्था आहे, त्यांनीच त्याचा विचार करावा.

४. टँक किती मोठा हवा?

डायमंड आणि स्ट्रिगाटासाठी २०० लिटरच्या खाली जाऊ नये. ३०० असेल तर उत्तम. उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण याचं जग तळावर आहे. उंच, चिंचोळ्या टँकमध्ये लिटर भरपूर असले तरी चरायला अंगण नसतं. खडकांनी तळ किती व्यापलाय तेही मोजा. उघडी वाळू निदान अर्ध्या तळावर हवी.

५. टँक सुरू करून दोन महिने झाले, सायकल पूर्ण आहे. आता आणू का?

अजून थांबा. सायकल पूर्ण झाली म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, एवढंच. वाळूत जीव भरायला त्याहून बराच वेळ लागतो. सहा महिने हा माझा किमान नियम आहे. रात्री दिवे गेल्यावर टॉर्च घेऊन काचेजवळच्या वाळूत पाहा. बारीक ठिपके पळताना, कृमींची बिळं काचेला लागून दिसायला लागली की वाळू जिवंत झाली म्हणायची. तोवर कोपेपॉड आणून सोडता येतात. टिस्बी ही जात तळाशी राहते, तिचा इथे उपयोग होतो.

पाण्याचे आकडे रीफचे नेहमीचेच: तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४.

६. वाळू कोणती आणि किती खोल?

अर्धा ते दीड मिलिमीटर दाण्याची, गोलसर कडांची अरॅगोनाइट (चुनखडीची) वाळू. खोली ५ ते ७ सेंटीमीटर. पिठासारखी बारीक वाळू घेतली तर तो चाळताना ती पाण्यात तरंगत राहते. जाड खडी किंवा कोरलचा चुरा घेतला तर दाणा तोंडात मावत नाही, तोंड आणि कल्ले सोलवटून निघतात आणि मासा चाळणंच सोडतो.

तळाला वाळूच नसलेल्या टँकमध्ये हा मासा ठेवू नये, अगदी त्याला हातात धरून भरवायची तुमची तयारी असली तरीही. चाळणं ही त्याची दिवसभराची हालचाल आहे आणि बीळ हे त्याचं घर. एका भांड्यात वाळू ठेवून भागेल का, असं विचारतात. क्वारंटाइनच्या (नव्या माशाला आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवण्याच्या) काही आठवड्यांपुरतं भागेल (प्रश्न १८), आयुष्यभरासाठी नाही.

७. माझ्या वाळूत भरपूर जीव आहेत. वेगळं खायला द्यायची गरज आहे का?

आहे. समुद्रात एक जोडी मोठ्या परिसरात फिरून चरते, आणि चरलेल्या जागेवर आजूबाजूच्या वाळूतून नवे जीव येत राहतात. टँकमध्ये आजूबाजू असं काही नसतंच. तीन-चार फुटांचं अंगण हा मासा काही आठवड्यांत झाडून साफ करतो. त्यानंतरही तो चाळतच राहतो, कारण त्याला दुसरं काही माहीत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, मासा मजेत जेवतोय. प्रत्यक्षात तोंडात वाळूखेरीज काहीच येत नसतं.

माझा पहिला डायमंड गोबी असाच गेला. वाळू इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढत बसलो. फोटो नंतर एकापुढे एक लावून पाहिले तेव्हा कळलं, प्रत्येक फोटोत त्याचं पोट आधीपेक्षा आत गेलेलं होतं. रोज समोर असलेल्या माशाचं बारीक होणं डोळ्यांना कळत नाही. म्हणून दर आठवड्याला बाजूने एक फोटो काढा आणि मागच्याशी ताडून पाहा.

८. मग काय द्यायचं, किती वेळा आणि कसं?

रोज किमान दोनदा. नवीन आणलेल्या किंवा बारीक माशाला तीन-चारदा, थोडं थोडं. एकदाच भरपूर टाकून उपयोग नाही. दिवसभर कणाकणाने खाणारा मासा आहे हा, एका वेळी पोटात फार साठवत नाही.

मुख्य अन्न फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). जोडीला बारीक चिरलेली कोळंबी, शिंपल्याचं मांस, माशांची अंडी, आणि पोषक द्रव्यात भिजवलेला ब्राइन श्रिम्प. नुसत्या मोठ्या ब्राइन श्रिम्पवर ठेवू नका, त्यात पोषण कमी असतं. बुडणाऱ्या बारीक गोळ्या बहुतेक डायमंड गोबी शिकतात. त्या आधी टँकच्या पाण्यात भिजवून घ्या.

खरी मेख आहे अन्न त्याच्यापर्यंत पोचवण्यात. वर टाकलेलं क्लाउनफिश, टँग आणि रॅस मधल्या मध्ये फस्त करतात, तळावर पोचतं ते नशिबाने. मी असं करतो: पंप दहा-पंधरा मिनिटं बंद. बाकीच्या माशांना टँकच्या एका टोकाला आधी खायला द्यायचं. ते तिकडे गुंतले की लांब पिपेटने किंवा कडक नळीने वितळवलेलं मायसिस दुसऱ्या टोकाला, गोबीच्या बिळासमोर वाळूवर हळूच सोडायचं. दाणे वाळूवर पसरले पाहिजेत, कारण वाळूवर पडलेलं अन्न त्याला ओळखीचं वाटतं. एक-दोन आठवड्यांत तो नळी पाहून बाहेर येऊन थांबतो. तो दिवस आला की अर्धी लढाई जिंकली.

इतकं खायला घातल्यावर नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. वाळू स्वच्छ दिसावी म्हणून आणलेल्या माशापायी पाण्याची मेहनत वाढते, हे हिशेबात धरूनच मासा आणा. दमदार स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि नियमित पाणीबदल ठेवा, जमल्यास रेफ्युजियमही (बारीक जीव वाढायला ठेवलेला वेगळा कप्पा). तिथे वाढलेले कोपेपॉड सतत टँकमध्ये येत राहतात.

९. व्यवस्थित खातो, तरी पोट खपाटीला गेलंय. काय करू?

आधी ‘व्यवस्थित’ म्हणजे काय ते तपासा. तो चाळतोय की गिळतोय? पंप बंद करून समोर बसा आणि प्रत्यक्ष किती मायसिस तोंडात जातं ते मोजा. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं.

खरोखर भरपूर गिळूनही बारीक होत असेल तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्या. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा हे एक लक्षण. उपचार वेगळ्या टँकमध्येच करायचे. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल वापरतात, आतड्यातल्या एकपेशीय परजीवींवर मेट्रोनिडॅझोल अन्नात मिसळून देतात. औषधाचं प्रमाण माशांच्या आजारांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून ठरवून घ्या. रीफ टँकमध्ये औषध ओतू नका. कृमींवरची औषधं वाळूतले कृमी आणि कोरलवर राहणारे जीवही मारू शकतात.

पाठ धारदार दिसायला लागली, डोक्यामागे खळगा पडला, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याला वाळू घातलेल्या पेटीत किंवा छोट्या टँकमध्ये एकटं ठेवा आणि दिवसातून पाच-सहा वेळा जिवंत अन्न द्या: जिवंत ब्राइन श्रिम्प, कोपेपॉड, उघडून ठेवलेला ताजा शिंपला. गोड्या पाण्यातले काळे कृमी मिळाले तर तेही चालतात, मात्र खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतात, म्हणून संपतील तितकेच टाका. काही मासे यातून परत येतात. फार पुढे गेलेले अन्न तोंडात घेऊनही सावरत नाहीत, आणि त्यात तुमच्या प्रयत्नांची कसूर नसते.

१०. आणल्यापासून चार दिवस दिसलाच नाही. मेला असेल का?

बहुधा नाही. नवीन मासा खडकाखाली बीळ खोदून आठवडाभरही दडून राहतो. रात्री तर तो बिळाचं तोंड वाळूने आणि खड्यांनी बंद करून घेतो, हा त्याचा रोजचा परिपाठ आहे. खडक उचलून शोधू नका. त्यात तो दचकून उडी मारतो (प्रश्न १३) किंवा खडकाखाली चिरडतो. दिवे थोडे मंद ठेवा, बिळाच्या आसपास थोडं मायसिस सोडत राहा, आणि अमोनियाची चाचणी करत राहा. अमोनिया चढला किंवा दहा-बारा दिवस उलटूनही एकही ताजा खड्डा दिसला नाही तरच शोध घ्या. टँकच्या मागची जमीन आणि ओव्हरफ्लोचा (वरचं पाणी फिल्टरकडे ओघळतं तो) कप्पा सगळ्यात आधी पाहा.

११. कोरलवर वाळू टाकतो. थांबवता येईल का?

सवय मोडता येत नाही, मांडणी बदलता येते. तळावर ठेवायची मांसल कोरलं (ट्रॅकिफायलिया, प्लेट कोरल, स्कॉलिमिया) थोडी वाळू स्वतः झटकतात, पण रोज पुरली गेली तर मांस कुजू लागतं. त्यांना वाळूपासून हातभर उंच चपट्या खडकावर न्या किंवा तळाच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे प्रवाह वाळू टिकू देत नाही. झोअँथिड (बटणांसारखी मऊ कोरलं) आणि एसपीएस (बारीक पॉलिपची कठीण कोरलं) वरच ठेवा. पंपाची दिशा अशी ठेवा की वरून पडणारी वाळू उघड्या जागेकडे ढकलली जाईल.

तळ भरून मांसल कोरलं हाच तुमच्या टँकचा जीव असेल तर हा मासा आणू नका. दोन्हींत एकाला सतत त्रास होणार.

१२. खडक कोसळतील का?

वाळूवर ठेवले असतील तर कोसळू शकतात. गोबी खडकाखालचीच वाळू उकरतो, कारण छत त्याला आयतं मिळतं. खडक आधी थेट तळाच्या काचेवर किंवा काचेवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या जाळीवर बसवा, डगमगत नाहीत ना ते हाताने हलवून पाहा, आणि मग भोवती वाळू ओता. आधीच भरलेला टँक असेल तर हाताने वाळू बाजूला करत खडकाचं बूड काचेला टेकेपर्यंत हळूहळू बसवता येतं. उंच मनोरे रीफच्या सिमेंटने किंवा इपॉक्सीने जोडून घ्या. खडकाखाली सापडलेला मासा तर जातोच, शिवाय खडक काचेवर आपटला तर टँकही जातो.

१३. याला झाकण लागतं का?

हो, पहिल्या दिवसापासून. तळावर राहणारा मासा उडी मारणार नाही ही समजूत फार महागात पडते. दचकला, अंधार एकदम झाला, दुसऱ्या माशाने पाठलाग केला की हा सरळ वर झेपावतो. ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी चौकटीत ताणून बसवा. वायर आणि नळ्यांच्या जागच्या फटी बुजवा, मासा नेमका त्यातूनच जातो. ओव्हरफ्लोच्या तोंडालाही जाळी हवी.

१४. दोन ठेवता येतील का?

खरी जोडी असेल तर एकेकटे ठेवण्यापेक्षा ते दोघं एकत्र जास्त सुखी असतात. समुद्रात स्ट्रिगाटाचे नर-मादी एकमेकांना नजरेआड होऊ देत नाहीत, एकत्र चरतात, एकाच बिळात झोपतात. अडचण अशी की बाहेरून नर-मादी ओळखणं जवळपास अशक्य, आणि दोन नर किंवा दोन माद्या एकत्र पडल्या की तोंडं आ वासून एकमेकांना हाकलत राहतात.

आणण्याआधीच एका टँकमध्ये शेजारी शेजारी चरणारे, एका बिळात शिरणारे दोन दिसले तर ते एकत्रच घ्या, जोडी फोडू नका. नाहीतर एकच ठेवा. जोडीला ४०० लिटर तरी हवेत, आणि अन्न दुप्पट लागतं हे सांगायला नको. वेगवेगळ्या दोन जाती एकत्र ठेवण्याच्या मी विरोधात आहे. भांडण कदाचित होणार नाही, पण वाळू एकच आणि खाणारी तोंडं दोन.

१५. कोणाबरोबर जमतं, कोणाबरोबर नाही?

स्वभावाने हा गरीब मासा. क्लाउनफिश, कार्डिनल, फायरफिश, टँग, शांत रॅस यांच्याशी काही वाद नाही. डॉटीबॅक, मोठे हॉकफिश, तापट डॅमसेल त्याला बिळाबाहेर येऊ देत नाहीत, आणि बाहेर न येणारा गोबी उपाशी मरतो.

एकाच अन्नावर जगणारे जीव एकत्र ठेवू नका, ही चूक मला सर्रास दिसते. मँडरिन मासा कोपेपॉडवर जगतो. गोबीही तेच टिपतो. दोघांपैकी एकाचं पोट खपाटीला जातंच, आणि बहुधा मँडरिनचं. वाळूत फिरणारा तारामासा, ॲस्ट्रोपेक्टेन, हाही वाळूतले जीव खाऊन संपवतो आणि शेवटी स्वतः उपाशी मरतो. त्याला तयार अन्नाची सवय लावणं गोबीहून कठीण.

पिस्तूल कोळंबी आणि तिचा जोडीदार गोबी असतील तर बिळांवरून थोडी कुरबुर होते, तळ प्रशस्त असेल तर निभतं. जॉफिश मात्र स्वतःच्या बिळाची मांडणी दगड-दगड रचून करतो आणि आपला गोबी तीच उकरतो. त्या बिचाऱ्याला दिवसभर दुरुस्तीच करत बसावी लागते. त्यांना एकत्र ठेवू नका.

१६. वाळूवर तपकिरी किंवा लाल थर आलाय. हा खाऊन टाकेल का?

तपकिरी डायाटम (सूक्ष्म शेवाळ) तो मुद्दाम खात नाही, पण वाळू सतत उलटल्याने थर दिसेनासा होतो. लाल सायनोबॅक्टेरियाला तर तो तोंडही लावत नाही. थर जमला त्या जागा टाळून चरतो. दोन्हींचं मूळ पोषकद्रव्यांत, प्रवाहात किंवा टँकच्या वयात असतं. मूळ तसंच ठेवून मासा आणला तर थर खडकांवर सरकतो. आधी कारण शोधा. ते निस्तरल्यावर मासा हवासा वाटला तर आणा.

१७. माझा डीप सँड बेड आहे, आणि वाळू वर्षानुवर्षं हललेली नाही. गोबी सोडू का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे येतात, पण उत्तर एकाच ठिकाणी देतो.

दहा सेंटीमीटरहून खोल थर नायट्रेट कमी करण्यासाठी ठेवला असेल तर त्याचं काम वाळूतल्या कृमींवर आणि जीवाणूंच्या थरांवर चालतं. गोबी नेमके तेच कृमी खातो आणि वरचे थर ढवळतो. दोन्ही एकत्र नकोत.

साधाच थर असेल पण कधी हलवलेला नसेल तर त्यात घाण साचलेली असते, कुठेकुठे प्राणवायू नसलेले काळे पट्टे असतात. मासा एकदम ते उकरू लागला की साचलेली पोषकद्रव्यं आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात येऊ शकतं. आधी स्वतः सायफनने थोडी थोडी वाळू साफ करा. एका वेळी तळाचा पाचवा भाग, दोन आठवड्यांच्या अंतराने. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर तेवढा भाग वाळूसकट काढून टाका. सगळा तळ एकदा फिरून झाल्यावर मासा आणा.

१८. क्वारंटाइनमध्ये वाळू नसते. मग याला कसं ठेवायचं?

नुसतं निरीक्षण करायचं असेल तर एका काचेच्या पसरट भांड्यात ५ सेंटीमीटर वाळू घाला, शेजारी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवा, आणि चार आठवडे तयार अन्नाची सवय लावा. इथे दुसरा कुठलाही मासा त्याचं अन्न पळवत नाही, त्यामुळे शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

परजीवींवर (प्रश्न १९) तांब्याचं औषध द्यायचं असेल तर अरॅगोनाइट वाळू आणि लाइव्ह रॉक (जीवाणू वसलेला खडक) दोन्ही बाहेर काढा. ते तांबं शोषून घेतात, पाण्यातलं प्रमाण घसरतं आणि परजीवी वाचतात. अशा वेळी धुतलेली सिलिका वाळू भांड्यात घालता येते. तरीही तांब्याची चाचणी रोज करा.

१९. मुख्य टँकमध्येच अंगावर पांढरे ठिपके दिसले तर?

आधी ते वाळूचे कण नाहीत ना, याची खात्री करा. या माशाच्या चिकट अंगावर कण बसलेले दिसतात आणि लोक घाबरतात. कण तासाभरात जागा बदलतात, क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीचे ठिपके जागेवर राहतात आणि दिवसागणिक वाढतात.

खरोखर तोच आजार असेल तर सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये उपचार करावे लागतात. तांबं रीफमध्ये घातलं तर कोरल, कोळंबी, गोगलगाई सगळं जातं. मुख्य टँक माशांविना रिकामा ठेवायचा, त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा बहुतेक जण पाळतात. गोबीला यात धोका जास्त, कारण परजीवीच्या गाठी वाळूवर आणि खडकावर बसतात, त्यातून नवे परजीवी बहुतेक अंधारात सुटतात, आणि हा मासा रात्रभर तिथेच, बिळात झोपलेला असतो.

२०. पंप आणि काचेची काय काळजी घ्यायची?

पॉवरहेड (प्रवाह तयार करणारा पंप) तळापासून निदान १५ सेंटीमीटर वर लावा. वाळू आत गेली की आतलं चक्र घासतं आणि पंप आवाज करू लागतो. चुंबकाच्या काचपुसणीने खालचा भाग साफ करताना तर फारच जपा. चुंबक आणि काचेच्या मध्ये एक दाणा अडकला तरी कायमची रेघ उमटते, आणि हा मासा असेल तर काचेलगत दाणे असतातच. वाळूलगतचा चार बोटांचा पट्टा हातानेच, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पुसा.

२१. बिळात अंडी दिसली. पिल्लं वाढवता येतील का?

जोडी जमलेली असेल तर टँकमध्ये अंडी घालणं अशक्य नाही. अंडी बिळाच्या आत असतात आणि नर त्यांची राखण करतो. लाँगिपिनिस या जातीत मादी बाहेर कोरलचे तुकडे आणि वाळू रचून बिळावर ढीग उभारते, त्या ढिगामुळे बिळातलं पाणी खेळतं राहतं. त्या दिवसांत बिळाजवळ हात घालू नका.

पिल्लं अगदी बारीक आणि पाण्यावर तरंगणारी असतात. मुख्य टँकमध्ये ती पंपात, स्किमरमध्ये किंवा इतर माशांच्या पोटात जातात. वेगळा टँक, कोपेपॉडची पिल्लं, रोटिफर (आणखी बारीक जीव) अशी सगळी तयारी आधीपासून असल्याशिवाय त्यांना वाढवता येत नाही.

२२. आठवडाभर बाहेरगावी जायचं आहे. उपाशी राहील का?

धष्टपुष्ट असेल तर तीन-चार दिवस काढतो. आठवडा मला जास्त वाटतो. स्वयंचलित फीडर बुडणाऱ्या गोळ्यांवर चालतो, पण गोबीला गोळ्यांची सवय निदान महिनाभर आधी लागलेली हवी. घरात कोणी येऊन खायला घालणार असेल तर एकेका दिवसाचं मायसिस वेगवेगळ्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवून जा. प्रेमापोटी लोक दहा पट टाकतात.

२३. हे सगळं वाचून मासा आणावासा वाटत नाही. वाळू स्वच्छ कशी ठेवू?

हा निर्णय मला मनापासून आवडतो. नॅसेरियस गोगलगाई वाळूत गाडून राहतात, उरलंसुरलं मांस शोधून खातात आणि येता-जाता वाळू हलवतात. सेरिथ गोगलगाई डायाटम आणि शेवाळ खातात. मोठ्या तळावर एखादा टायगर काँक वरचा थर सावकाश चरत फिरतो. त्याला मात्र लहान टँकमध्ये ठेवू नका, तोही उपाशी राहतो. आणि दर पाणीबदलाला सायफनची नळी तळाच्या एका भागात फिरवा. एका वेळी एकच भाग, पुढच्या वेळी त्याच्या शेजारचा.